मदत हवी आहे: अ‍ॅनालॉग सिंथवर पावरीसारखा सूर कसा काढू?

राम राम मंडळी,

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. बारा वर्षं लग्नाच्या बॅण्डमध्ये कीबोर्ड वाजवतोय. आजवर नंबर दाबला की शहनाई, दुसरा दाबला की बासरी. मागच्या महिन्यात ओळखीतून एक जुना अ‍ॅनालॉग सिंथ (विजेच्या सर्किटातून सूर घडवणारं वाद्य) घेतला, १९७० च्या मिनीमूगच्या धर्तीचा. तीन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग), बाकी नुसते नॉब, तयार आवाज एकही नाही. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर एकच निघतो. मला वाटलं बिघडलाय, मग कळलं की तो बांधलाच तसा आहे.

यातून मला पावरी, म्हणजे आदिवासींचं भोपळ्याचं फुंकवाद्य, काढायची आहे. डोंगऱ्यादेवाला (डोंगरदेवाच्या उत्सवात) रात्रभर चालते ना, भोपळ्यातून येणारा तो भरड, न तुटणारा सूर लहानपणापासून कानात बसलाय. कीबोर्डच्या कुठल्याच नंबरात तो सापडला नाही, म्हणून तर हे घेतलं.

ऑसिलेटरची लहर सॉटूथवर (करवतीच्या दात्यांसारखी) ठेवली की आवाज पितळी येतो, ट्रम्पेटकडे जातो. स्क्वेअरवर (चौकोनी लहरीवर) क्लॅरोनेटसारखा पोकळ होतो आणि तिथे पावरी जरा जवळ येते. फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा तीव्र आवाज कापला जातो ती मर्यादा) खाली आणला की घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. रेझोनन्स (त्या मर्यादेजवळचा आवाज उठवणारा नॉब) वाढवला तर सुरावर वेगळीच शीळ चढते. पण खरी अडचण अशी, की पट्टी दाबताच 'टक्' वाजतं आणि सोडताच सूर चिमटीत धरल्यासारखा तुटतो. फुंक कुठेच नाही. एन्व्हलप (पट्टी दाबल्या-सोडल्यावरचा चढउतार ठरवणारे भाग) दोन आहेत, एक फिल्टरचा, एक आवाजाचा. आधी कोणता धरू?

आणखी एक. पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतो. काळी एक लावून बसलो की अर्ध्या तासात सूर सरकतो. खालचा सा जुळवला तर दोन सप्तकं वरचा सा चढा लागतो. उघडून बघू का?

प्रतिसाद

भाऊ, इतक्यात उघडू नका. या ऑसिलेटरला एक व्होल्ट जास्त मिळाला की सूर एक सप्तक वर जातो, आणि हे ठरवणारे ट्रान्झिस्टर उष्णतेने हलतात. आधी अर्धा तास नुसता चालू ठेवा, पंख्याचा वारा थेट लागू देऊ नका, मगच सूर लावा. त्यानंतरही वरचा सा चढाच राहिला तर ते आतल्या स्केल ट्रिमरचं (सप्तकांमधलं अंतर जुळवणाऱ्या बारीक स्क्रूचं) काम. ते जाणकार मेकॅनिककडून करून घ्या, आणि तेही वाद्य पूर्ण तापल्यावर.

पावरीसाठी दोन ऑसिलेटर बंद करा. एकच ठेवा, स्क्वेअरवर. फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स शून्य. आता फक्त आवाजाचा एन्व्हलप धरा: अ‍ॅटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) थोडा वाढवा, सस्टेन (पट्टी दाबून धरल्यावरची पातळी) पूर्ण, रिलीज (सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) जरासा. 'टक्' तिथेच जाईल. मग कटऑफ अर्ध्यावर आणून फिल्टरच्या एन्व्हलपची मात्रा हळूहळू द्या, सूर फुंक भरल्यासारखा उघडत जाईल. शेवटी दुसरा ऑसिलेटर पुन्हा चालू करून, केसभर बेसूर करून मिसळा, आणि चिमूटभर नॉईज (नुसता खरखराट). प्रत्येक जमलेल्या जागेचा मोबाईलवर फोटो काढा. हे वाद्य काही लक्षात ठेवत नाही.

धागाकर्ता

दादा, 'टक्' गेला! दुसरा ऑसिलेटर केसभर हलवला आणि अंगावर काटा आला, तोच भरडपणा. फक्त नॉईज घातला की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतं. नॉईजही फिल्टरमधूनच जातो ना? मग कटऑफ आणखी उतरवू की नॉईजच कमी करू?