२८ ग्रॅम नायट्रोजन ८ ग्रॅम हायड्रोजनच्या आधी कसा संपतो?

प्रश्न (अकरावी, विज्ञान शाखा)
अमोनिया तयार होण्याच्या अभिक्रियेचे संतुलित समीकरण ‘१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया’ असे आहे. एका उदाहरणात २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ८ ग्रॅम हायड्रोजन दिले असून, लिमिटिंग रिएजंट (म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ) नायट्रोजन आहे असे उत्तर छापले आहे. हायड्रोजन वजनाने इतका कमी असताना आधी तोच संपायला हवा, असे मला वाटते. शिवाय समीकरणात डावीकडे चार रेणू आणि उजवीकडे दोनच दिसतात. मग द्रव्य अक्षय्यतेचा नियम कसा पाळला जातो? कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १
समीकरणातील १, ३ आणि २ हे सहगुणक रेणूंची संख्या सांगतात, ग्रॅम सांगत नाहीत. तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ येथेच आहे. तराजूवर मात्र आपल्याला ग्रॅमच मोजता येतात, म्हणून आधी ग्रॅमचे मोल (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, सर्व पदार्थांसाठी सारखी संख्या) करावे लागतात. नायट्रोजनच्या एका मोलचे वस्तुमान २८ ग्रॅम आणि हायड्रोजनच्या एका मोलचे २ ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे नायट्रोजन १ मोल आणि हायड्रोजन ४ मोल आहे. १ मोल नायट्रोजनला ३ मोल, अर्थात ६ ग्रॅम हायड्रोजन लागतो. त्यामुळे नायट्रोजन पूर्ण संपतो, २ ग्रॅम हायड्रोजन उरतो आणि २ मोल, म्हणजे ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो. सुरुवातीचे ३६ ग्रॅम शेवटीही ३६ ग्रॅमच राहिले.

रेणूंची संख्या कायम राहते असे तो नियम म्हणतच नाही. कायम राहतात ते अणू: डावीकडील चार रेणूंत नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ६ अणू आहेत, उजवीकडील दोन रेणूंतही तेवढेच आहेत.

उत्तर २
चारातून दोन होण्याची ही गोष्ट प्रयोगातही दिसते. तापमान आणि दाब सारखे ठेवल्यास १ लिटर नायट्रोजन व ३ लिटर हायड्रोजन यांपासून २ लिटर अमोनिया होतो. वायूंच्या आकारमानांतील अशी साधी गुणोत्तरे गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये मांडली आणि १८११ मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी त्यांचा संबंध रेणूंच्या संख्येशी जोडला.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मग ज्याचे मोल कमी तो लिमिटिंग रिएजंट, असे धरून चालेल का?

उत्तर १
नाही, आणि याच ठिकाणी परीक्षेत गुण जातात. ५६ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन घ्या. मोल अनुक्रमे २ आणि ५ झाले. हायड्रोजनचे मोल जास्त असूनही २ मोल नायट्रोजनला ६ मोल हायड्रोजन हवा असल्यामुळे हायड्रोजनच अपुरा पडतो. म्हणून प्रत्येकाच्या मोलांना त्याच्या सहगुणकाने भागावे: २ ÷ १ = २ आणि ५ ÷ ३ = १.६७. जो भागाकार लहान, तो पदार्थ आधी संपतो. येथे सुमारे ५६.७ ग्रॅम अमोनिया मिळेल आणि सुमारे ९.३ ग्रॅम नायट्रोजन उरेल. बेरीज ६६ ग्रॅम येते की नाही, हे प्रत्येक वेळी अवश्य पडताळावे.

उत्तर ३
हे सर्व आकडे अभिक्रिया पूर्णत्वास जाते असे गृहीत धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात ही अभिक्रिया उलट दिशेनेही होते. १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे याच अभिक्रियेने अमोनिया बनवण्याच्या हाबर-बॉश पद्धतीचा कारखाना सुरू झाला. त्या पद्धतीत लोखंडाचे उत्प्रेरक, सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब वापरूनही एका फेरीत वायूंचा थोडाच भाग अमोनियात बदलतो. अमोनिया थंड करून द्रवरूपात वेगळा काढतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात. दोन्ही वायू १ : ३ या मोल-गुणोत्तराच्या जवळपास ठेवले जातात, म्हणजे कोणताही एक वायू फारसा शिल्लक राहत नाही. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यातही अमोनिया याच अभिक्रियेने तयार होतो.

त्यामुळे उदाहरणात ‘उत्पादन ८० टक्के’ असे दिले असेल, तर आधी ३४ ग्रॅम काढून त्याचे ८० टक्के, म्हणजे २७.२ ग्रॅम घ्यावेत; सुरुवातीच्या ३६ ग्रॅमचे ८० टक्के घेऊ नयेत.