‘फोर्टिफाइड वाइन’ला मराठीत काय म्हणावं?

पोर्ट वाइनवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘फोर्टिफाइड’ला कोशात ‘प्रबलित’ सापडलं, पण ‘प्रबलित वाइन’ म्हटलं की डोळ्यांपुढे सळया आणि काँक्रीट येतं. रेशनच्या तांदळाचं ‘गुणसंवर्धित’ तर इथे विनोदीच वाटेल. ‘द्राक्षासव’ चालेल का?

—

द्राक्षासव नको. आसवात गूळ, धायटीची फुलं घालून भांडं बंद करतात आणि मद्यार्क आतल्या आत तयार होतो. पोर्टमध्ये तो बाहेरून येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पोर्तुगालमध्ये डोउरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षं ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी तुडवत (आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत). रस दोन-तीन दिवस आंबतो. साधारण निम्मी साखर संपली की त्यात ७७ टक्के मद्यार्काची, द्राक्षांपासूनच काढलेली ब्रँडी ओततात. चार भाग रसाला अंदाजे एक भाग. यीस्टला हे झेपत नाही, आंबणं जागीच थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. मद्यार्क १९ ते २२ टक्क्यांवर जातो. गोडी द्राक्षाचीच, वरून साखर घातलेली नसते.

इंग्रजी शब्द नुसत्या ताकदीकडे बघतो. पोर्तुगीज अशा वाइनला ‘जेनेरोझु’, म्हणजे उदार, म्हणतात. मला आवडतो तो फ्रेंचांचा ‘म्यूताज’: मुकं करणं. आंबणारा रस सारखा बुडबुडत असतो, त्याला गप्प करायचं!

आपल्याकडे दही पुरतं आंबट व्हायच्या आत, गोडसर असतानाच खाल्लं तर ते अधमुरं. मग ‘अधमुरी वाइन’ का नको?

—

शब्द झकास, पण घात करेल. पोर्टचा ‘टॉनी’ हा प्रकार घ्या: ती लाकडी पिंपात १०, २०, ४० वर्षं मुरते. तिला अधमुरी म्हणालात तर वाचक समजेल की कच्चीच बाजारात आणली. दह्याचं मुरणं आणि लोणच्याचं मुरणं वेगळं, वाइनचं लोणच्याच्या जातीचं.

गोव्यात नुसतं ‘पोर्ट’ म्हटलं की तिथलीच स्वस्त, गोड, तांबडी वाइन समजतात, हेही लेखात एका ओळीत सांगा. युरोपात मात्र ते नाव फक्त डोउरोच्या वाइनला. त्या प्रदेशाची हद्द १७५६ साली पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या कारकिर्दीत आखली गेली.

—

लोणच्याचा मुद्दा मान्य. अधमुरी मागे घेतो, जड मनाने.

—

तुम्ही ‘पिंप’ म्हणालात आणि माझी एक चूक सापडली! मूळ लेखात ‘५५० लिटरचा पाइप’ आहे. मी ‘नळी’ लिहिलं होतं आणि एवढी मोठी नळी होडीतून कशी नेत असतील, याचा विचार करत बसले होते.

—

अहो, तो पाइप म्हणजे पिंपच! पोर्तुगीज ‘पिपा’ म्हणजे मोठं लाकडी पीप, आणि आपलं पिंप त्यावरूनच आलं. बटाटा, चावी, पगार यांच्याच पंगतीतला शब्द. डोउरोचे मळेवाले अजून पिपातच माप सांगतात. ही पिंपं सपाट तळाच्या राबेलो होड्यांत भरून नदीतून पोर्तो शहरासमोरच्या ‘गाया’ या गावी, वखारींत मुरायला नेत.

—

मग ‘५५० लिटरचं पिंप’ लिहिते. आणि पहिल्यांदा ‘ब्रँडी घालून आंबणं थांबवलेली वाइन’ असं फोडून सांगते, पुढे सरळ ‘फोर्टिफाइड’. ‘प्रबलित’ पुलांसाठी ठेवते.