सोसायटीतला ट्रान्सफॉर्मर काढून ड्राय टाइप बसवावा का?

धायरी_सचिव
नमस्कार मंडळी. आमच्या गेटजवळ २०० केव्हीए क्षमतेचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर आहे, २२ केव्ही (२२,००० व्होल्ट) लाईनवर. रात्री दहानंतर सी विंगमध्ये दिवे मंद होतात, एसी बंद पडतात. ए आणि डी विंगची काही तक्रार नाही. घरघरही वाढली आहे. एका कंत्राटदाराने ‘ड्राय टाइप (बिनतेलाचा) बसवा, आवाजही जाईल’ म्हणून कोटेशन दिलंय. रविवारी मीटिंग आहे. हे प्रकार नेमके कशासाठी असतात? आमच्या अडचणीवर हा उपाय आहे का?

भोसरी_वर्कशॉप
सचिवसाहेब, रविवारी कोटेशन मंजूर करू नका. भोसरीत ट्रान्सफॉर्मर उघडणं, वाइंडिंग (आतली तारेची वेटोळी) नव्याने भरणं यातच माझी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रान्सफॉर्मर वीज तयार करत नाही. तो फक्त व्होल्टेज वाढवून करंट कमी करतो, किंवा उलट. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच विजेला करंट निम्मा लागतो आणि तोटा चौथाईवर येतो. म्हणून वीजकेंद्रात स्टेप-अप करून २२० किंवा ४०० केव्हीवर लांब पाठवतात, उपकेंद्रांत टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि शेवटी तुमच्या गेटजवळची डीपी, म्हणजे हाच ट्रान्सफॉर्मर, २२ केव्हीचे ४३३ व्होल्ट करते. फेज आणि न्यूट्रलमध्ये ते २५० भरतात, वाटेत थोडे पडून घरात २३०-२४० मिळतात.

तेलाचा की ड्राय, हे जागेवरून ठरतं. तेल वाइंडिंग थंड ठेवतं आणि इन्शुलेशनही देतं, पण पेट घेऊ शकतं. म्हणून तळघरात, हॉस्पिटलात, मॉलमध्ये रेझिनमध्ये ओतलेल्या कॉइलचा ड्राय टाइप वापरतात. उघड्यावर तेलाचाच बरा. स्वस्त पडतो, पाऊस सोसतो, आणि उघडून दुरुस्त करता येतो. रेझिनची कॉइल जळली तर अख्खी कॉइलच बदलायची.

आवाज कोअरचा, म्हणजे आतल्या पोलादी पत्र्यांच्या गठ्ठ्याचा असतो. ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात पोलादाचे पत्रे दोनदा ताणतात, म्हणून १०० हर्ट्झची घरघर. कोअर ड्राय टाइपलाही असतोच, त्यामुळे आवाज जाईल हे सांगणं खरं नाही.

तुमची खरी खूण म्हणजे एकाच विंगची तक्रार. एकतर त्या विंगचा बराचसा भार एकाच फेजवर आहे, नाहीतर तिकडच्या केबलचा जोड गरम होतोय. लायसन्सवाल्या वायरमनकडून रात्री दहाला एलटी साइडला (४३३ व्होल्टच्या बाजूला) तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. २०० केव्हीएला फुल लोड म्हणजे फेजला साधारण २६७ अँपिअर. ईव्हीचे चार्जर कोणत्या फेजवर आहेत तेही लिहून घ्या. कुंपणाबाहेरूनच ब्रीदरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या भांड्याची काचही बघा. त्यातलं ओल शोषणारं सिलिका जेल निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं असेल तर ओल शिरतेय.

आणि एका घरात दिवे मंद, शेजारी झगझगीत असं दिसलं तर न्यूट्रल सुटत असेल. तेव्हा मीटिंगची वाट पाहू नका, लगेच वीज कंपनीला कळवा. टीव्ही-फ्रीज जळतात, माणसालाही धोका असतो.

कोथरूड_४११०३८
घरातला स्टॅबिलायझर आणि मीटर रूममधला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) हेही ट्रान्सफॉर्मरच ना?

भोसरी_वर्कशॉप
हो. स्टॅबिलायझरमध्ये बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. एकच वाइंडिंग, मधून टॅप काढलेले. तांबं वाचतं, पण इनपुट-आउटपुट वेगळे राहत नाहीत, त्यामुळे शॉकपासून संरक्षण मिळत नाही. सीटी मोठा करंट लहान करून मीटरला देतो. चालू लाईनवर त्याची सेकंडरी (मीटरकडची बाजू) कधीही उघडी सोडायची नाही, टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं.

धायरी_सचिव
काल रात्री मोजलं. आर फेज २८५, वाय १३०, बी १४०, न्यूट्रल १५० अँपिअर. सी विंगचे सगळे चार्जर आर फेजवर निघाले. जेल निळं आहे.

भोसरी_वर्कशॉप
मग चित्र स्पष्ट आहे. तिन्ही मिळून ५५५ अँपिअर, सारखे वाटले तर फेजला १८५. ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे, फक्त आर फेज ओव्हरलोड आहे. चार्जर वाय आणि बीवर वाटून घ्या. मीटरच्या आधीचं काम आहे, त्यामुळे वीज कंपनीला लेखी अर्ज द्या, खासगी माणसाला हात लावू देऊ नका. ट्रान्सफॉर्मर सोसायटीच्या मालकीचा आहे की कंपनीकडे हस्तांतरित झालाय, तेही कागदांत बघा. हस्तांतरित असेल तर तो बदलायचा निर्णय तुमच्या मीटिंगचा नाहीच. काम झाल्यावर पुन्हा रात्री दहाचे आकडे इथे टाका.