मदत हवी आहे: ऑर्थोडॉन्टिक दवाखान्याचे स्कॅन क्लाउडवर ठेवण्याबाबत
सांगलीत विश्रामबाग येथे आणि मिरजेत असे आमचे ऑर्थोडॉन्टिक्सचे (वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या उपचारांचे) दोन दवाखाने असून, रुग्णांची माहिती दोन्हीकडे दिसावी म्हणून ती क्लाउडवर नेण्याचा विचार आहे. नोंदी आणि छायाचित्रांची चिंता नाही. अडचण सीबीसीटीची (दात व जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनची) आहे, कारण त्याची एकेक फाइल शेकडो एमबींची असते आणि आमच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने फारच कमी आहे. रात्री अपलोड लावून पाहिले, परंतु सकाळी सांगलीत तपासलेला रुग्ण त्याच दिवशी मिरजेत आला तर स्कॅन तेथे पोहोचलेला नसतो. लीज्ड लाइनचा (केवळ आपल्यासाठी राखीव इंटरनेट जोडणीचा) खर्च पेलणारा नाही. अशा स्थितीत दवाखान्यात नॅस (नेटवर्कला जोडलेले फाइल साठवण्याचे यंत्र) ठेवून क्लाउडवर केवळ प्रत पाठवावी, की दोन कंपन्यांच्या फायबर जोडण्या ड्युअल-वॅन राउटरवर (दोन इंटरनेट जोडण्या एकत्र वापरणाऱ्या राउटरवर) घ्याव्यात? आणि दोन जोडण्यांमुळे एकच मोठी फाइल खरोखर लवकर जाते, की एक बंद पडल्यावर दुसरी चालू राहते एवढाच त्यांचा उपयोग?