कोलोनोस्कोपीची तयारी: बिसाकोडिलची गोळी कधी, किती आणि कोणाला नको?

खलबत्ता
मंडळी, कोलोनोस्कोपीला (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) येणाऱ्यांसाठी मराठी सूचनापत्रक नव्याने लिहायला घेतलं आहे. जुन्या कागदावर एवढंच आहे: ‘आदल्या रात्री बिसाकोडिल ५ मिग्रॅच्या २ गोळ्या, मग पावडर २ लिटर पाण्यात कालवून पिणे.’ बिसाकोडिल म्हणजे जुलाबाची गोळी, पावडर आतडं धुण्याची, हेही नाही. वेळा नाहीत, कारणं नाहीत. तपासणी सकाळी १० ची धरून सांगा: गोळ्या नेमक्या किती वाजता द्यायच्या? बद्धकोष्ठासाठी वर्षानुवर्षं सोनामुखीचं चूर्ण घेणाऱ्यांना गोळ्या वाढवून द्याव्यात का? आणि मधुमेहींसाठी कागदावर काय असायलाच हवं?

एंडो_सिस्टर
‘आदल्या रात्री’ हा शब्द आधी काढून टाका. बिसाकोडिल पोटात गेल्यावर ६ ते १२ तासांनी काम करतं. रात्री ९ ला घेतली तर पहाटे ३ ला मुरडा, आणि माणूस रात्रभर जागा. दुपारी २ ते ३ च्या दरम्यान द्या.

गोळी अख्खी गिळायची, पाण्याबरोबर. चावायची नाही, कुटायची नाही. तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. दूध किंवा अँटासिड घेतलं की जठरातलं आम्ल कमी होतं, आवरण तिथेच सुटतं, आणि मग मळमळ, पोटात कळा. म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर १ तास दूध, दुधाचा चहा, अँटासिड बंद. ‘दूध नको’ एवढंच लिहिलंत तर लोक चहा घेतात, कारण चहा म्हणजे दूध असं कोणी धरत नाही. ‘दुधाचा चहासुद्धा नको’ असंच छापा.

आता पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. पेग्लेकसारख्या १३७ ग्रॅमच्या पाकिटाला २ लिटर पाणी, कमी नाही. पाणी कमी घातलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. साखर, गूळ, सरबत काही मिसळायचं नाही; फ्रिजमध्ये गार केलं की खारट चव बरीच दबते, आणि मध्ये लिंबाची फोड चोखली तर चालते. पहिला लिटर संध्याकाळी ६ ते ७, दुसरा पहाटे ५ ते ६. दर १०–१५ मिनिटांनी २५० मिलि, म्हणजे एक मोठा पेला. तपासणीच्या आधीचे निदान २ तास तोंडात काहीच नाही, पाणीही नाही.

पहाटेचा लिटर लोक टाळतात, ‘रात्री सगळं साफ झालं की’ म्हणून. पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली येतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात लेपासारखा बसतो. चपटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या गाठी) नेमके त्या भागात सापडायचे असतात. त्यामुळे हा लिटर चुकला तर डावी बाजू चकचकीत आणि उजवी बाजू आंधळी. निम्मा डोस पहाटे का, हे कागदावर दोन ओळींत सांगाच. कारण कळलं की माणूस पहाटे उठतो.

जेवण: आदल्या दिवशी सकाळी मऊ भात-दही किंवा पांढरा पाव, दुपारनंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस नको, आत रक्तासारखं दिसतं. पेरू, टोमॅटो, तीळ, मटकी, पालेभाज्या दोन दिवस आधीपासून बंद. बिया दुर्बिणीच्या सक्शनच्या (पाणी ओढून घेणाऱ्या) नळीत अडकतात.

शेवटची खूण: शौचाला फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी. गढूळ, तपकिरी किंवा साका असेल तर घरून निघण्याआधी विभागाला फोन. हे ठळक अक्षरांत.

पोटविकार_ओपीडी
सिस्टरनी वेळापत्रक चोख दिलं आहे. तपासणी दुपारची असेल तर दोन्ही लिटर सकाळीच घेता येतात, एवढीच भर.

सोनामुखीबद्दल: गोळ्या वाढवू नका. २ लिटरच्या तयारीत १० मिग्रॅ पुरे. पूर्वी काही ठिकाणी २० मिग्रॅ देत. त्यात आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून होणारा कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) दिसल्यामुळे डोस खाली आला. जुन्या बद्धकोष्ठाच्या रुग्णाला जास्त लागतं ते पाणी आणि दिवस. तपासणीआधी ३–४ दिवस पॉलिइथिलीन ग्लायकॉल १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात, रोज एकदा. आणि गरज असेल तर २ ऐवजी ४ लिटरची तयारी. आतडं धुतं ते पाणी. उत्तेजक गोळी फक्त पुढे ढकलते.

सोनामुखीतली सेनोसाइड्स मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, तेव्हा खरं औषध तयार होतं. परिणाम बिसाकोडिलच्याच जातीचा: आतड्याचं आकुंचन वाढतं आणि पाणी आत सुटतं. म्हणजे चूर्ण आणि गोळी ही दोन वेगळी औषधं समजून एकाच दिवशी दोन्ही देणं चूक. चूर्ण आदल्या दिवशी बंद. एरंडेलही त्याच यादीत घाला. ते लहान आतड्यातच काम सुरू करतं आणि कळा जास्त देतं.

चूर्ण घेणाऱ्यांच्या आतड्याचा रंग आत तपकिरी-काळा दिसतो, मेलॅनोसिस कोलाय. अहवालात तो शब्द वाचून घरचे घाबरतात. तो कर्करोग नाही, औषध थांबवल्यावर काही महिन्यांत रंग ओसरतो.

कोणाला काहीच द्यायचं नाही: पोट फुगलेलं, उलट्या, वारा सरत नाही. हा अडथळा असू शकतो, आणि अडथळ्यावर जुलाब म्हणजे आतडं फुटण्याचा धोका. कारण न कळलेल्या तीव्र पोटदुखीतही नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आतडं साफ करायचं सोडियम फॉस्फेटचं द्रावण अजिबात नाही. मूत्रपिंडात फॉस्फेट साचून ते कायमचं बिघडू शकतं, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियंत्रण संस्था) २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सोडियम पिकोसल्फेट-मॅग्नेशियमची पाकिटंही अशा रुग्णाला टाळा. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच बरं.

रात्रपाळी_फार्मसी
मधुमेहाचं मी लिहितो. सर्वांत महत्त्वाचं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ३ दिवस आधी बंद. उपाशीपोटी आणि जुलाबात त्यांनी रक्तात कीटोआम्ल (चरबी जळून होणारं घातक आम्ल) वाढतं, तेही साखर फार चढलेली नसताना, त्यामुळे ग्लुकोमीटर पाहून कोणाला शंका येत नाही. अडचण अशी की ही औषधं मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतात आणि रुग्ण ‘मेटफॉर्मिन चालू आहे’ एवढंच सांगतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच सगळ्या औषधांची पाकिटं आणायला सांगा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

ग्लिमेपिराइड पातळ पदार्थांच्या दिवशी चालू राहिलं तर साखर खाली जाते. ते आणि इन्सुलिन किती कमी करायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आकड्यात लिहून द्यावं. त्यासाठी कागदावर रिकामी ओळ ठेवा. साखर ७० च्या खाली गेली तर गाळलेलं लिंबू सरबत साखर घालून, किंवा ३ चमचे ग्लुकोज पाण्यात. ही साखर वेगळ्या पेल्यात, पावडरच्या द्रावणात नाही.

लोहाच्या गोळ्या ७ दिवस आधी थांबवा. मळ काळा आणि डांबरासारखा चिकट होतो, धुऊन निघत नाही. इसबगोलही त्याच सुमारास बंद, त्याचा लगदा नळीत भरतो. ॲस्पिरिन सहसा चालू राहतं. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं मात्र स्वतःहून कोणीही थांबवू नये, हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच.

खलबत्ता
सिस्टर, डॉक्टर, रात्रपाळी, तिघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. पावडर पिताना उलटी झाली तर? आणि तपासणीनंतर दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही म्हणून लोक परत गोळी मागायला येतात, त्यांना काय सांगायचं?

एंडो_सिस्टर
उलटी: अर्धा तास थांबायचं, मग अर्धा अर्धा पेला, २० मिनिटांच्या अंतराने. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तरी दुसरी गोळी स्वतःहून घ्यायची नाही, फोन करायचा. पोट ताठ होत चाललंय आणि लिटरभर पिऊनही काही सुटत नाही, तर पिणं थांबवून लगेच रुग्णालयात.

पोटविकार_ओपीडी
दुसऱ्याचं उत्तर कागदाच्या मागच्या बाजूला छापा. मोठं आतडं पूर्ण रिकामं झालंय, ते भरायला २–३ दिवस लागतात, तोवर शौच न होणं ठीक आहे. हीच चूक घरीही होते: गोळीने सगळं आतडं रिकामं होतं, दुसऱ्या दिवशी काही येत नाही म्हणून परत गोळी. असं महिनोन्महिने चाललं की पोटॅशियम घटतं, आणि पोटॅशियम कमी झालं की आतडं आणखी मंदावतं. लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) घेणाऱ्यांना तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका.

नेहमीच्या बद्धकोष्ठाला आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. बिसाकोडिल ५ ते १० मिग्रॅ गरजेपुरतं, रोज लागलं तरी ४ आठवड्यांच्या आत डॉक्टरांना परत दाखवून. कुंथूनही अडकल्यासारखं वाटत असेल तर दोष बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा असतो, तिथे गोळ्या वाढवून उपयोग नाही. गुदमार्गाच्या दाबाची तपासणी आणि व्यायाम लागतात. चौथ्या दिवशीही शौच नसेल, किंवा त्याआधी कधीही पोटदुखी, ताप, रक्त दिसलं, तर गोळी न देता आमच्याकडे पाठवा.