बोअरच्या पाण्यात ३ मिग्रॅ फ्लोराइड: तुरटी, अॅल्युमिना की आरओ?

किनवटकर: बोअर २०० फूट. अहवालात फ्लोराइड ३.० मिग्रॅ प्रति लिटर, क्षारता (पाण्यातले बायकार्बोनेट) ४०० आणि काठिण्य (कॅल्शियम-मॅग्नेशियम) ११० आले आहे, दोन्ही मिग्रॅ प्रति लिटर. घरात पाच माणसे, त्यात चार आणि सात वर्षांची मुले. पाणी उकळून प्यायले तर चालेल का? बोअर आणखी खोल नेल्यास फरक पडेल का? शेजारच्या जुन्या आडाला मार्चपर्यंत पाणी असते.

भूजल_अभ्यासक: उकळू नका. वाफ उडते, फ्लोराइड भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. बोअर खोल नेणेही बहुधा अंगाशी येते. तुमच्या भागात ग्रॅनाइट आणि नाइस खडक आहे, त्यातल्या फ्लोराइट, अॅपेटाइट, कृष्णाभ्रक या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. पाणी खडकात जितके जास्त काळ मुरते तितके फ्लोराइड वाढते. क्षारता जास्त आणि काठिण्य कमी ही तुमची जोडी त्याचीच खूण आहे: कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडले की फ्लोराइडला धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून आधी आडाचे पाणी तपासा. उथळ पाण्यात ते अनेकदा कमी असते, मात्र जंतू असू शकतात, तीही तपासणी करा. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, फ्लोराइडसाठी काचेची नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत हे होते. भारतीय मानकाची मर्यादा १ मिग्रॅ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

जलप्रक्रिया: आड जमला नाही तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवलेली नालगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी-चुन्याने फ्लोराइड खाली बसवणे, घरी करता येते. पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरा. तुमच्या आकड्यांना तुरटी लिटरला सुमारे ४०० मिग्रॅ, म्हणजे १६ ग्रॅम. चुना तिच्या विसाव्या हिश्शाइतका, पाऊण ग्रॅमच्या आसपास. दोन्ही वेगवेगळ्या थोड्या पाण्यात कालवा. आधी चुना, मग तुरटी. एक मिनिट जोरात ढवळा, दहा मिनिटे हळू, नंतर तासभर हात लावू नका. तोटी बुडापासून चार-पाच सेंटीमीटर वर हवी, नाहीतर साका पाण्यातच येतो. तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून गढूळपणा बसतो, फ्लोराइड नाही, कारण मात्रा फारच कमी पडते. उलट अंदाजाने जास्त तुरटी टाकली तर अॅल्युमिनियम पाण्यात उरते. सोनाराकडचा छोटा काटा घ्या, चमच्यावर भागत नाही. निवळलेल्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात करा आणि मात्रा त्यावरून बसवा. साका आडाजवळ किंवा परसातल्या भाजीत ओतू नका, पकडलेले फ्लोराइड त्यातच असते.

गाळणी_दुरुस्ती: अॅल्युमिनाचे, म्हणजे फ्लोराइड धरणाऱ्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्यांचे, फिल्टर सोपे वाटतात, पण तुमच्या क्षारतेला लवकर थकतात. अॅल्युमिना सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या आसपास असताना चांगले काम करतो. बायकार्बोनेट भरपूर असले की पकड सैल होते. थकला तरी पाणी स्वच्छच दिसते, म्हणून बाहेरचे पाणी ठरावीक काळाने तपासणे अटळ. थकलेला अॅल्युमिना कॉस्टिक सोडा आणि आम्लाने ताजा करायचे काम घरी करू नये. आरओ फ्लोराइड चांगले अडवतो, पण वाया जाणाऱ्या पाण्यात ते साठते. ते लादी पुसायला वापरा, गुरांना पाजू नका.

पोषण_आरोग्य: मुलांचे वय पाहता घाई करा. कायमच्या दातांवरचे आवरण साधारण आठ वर्षांपर्यंत घडते. तेव्हा आलेले पिवळे-तपकिरी डाग नंतर पाणी बदलून जात नाहीत. मोठ्यांची हाडे-सांधे मात्र वर्षानुवर्षांच्या साठ्याने आखडतात. भात-वरणालाही प्रक्रिया केलेलेच पाणी घ्या, कारण शिजवताना आटलेल्या पाण्यातले फ्लोराइड ताटात येते. चहा, काळे मीठ आणि सुपारी कमी करा, त्यांतूनही ते पोटात जाते. तरोटा, शेवग्याचा पाला, तीळ, नाचणी, दूध यांतले कॅल्शियम आणि आवळा-लिंबू रोज द्या. आहाराने नुकसान कमी होते, पण पाणी तेच राहिले तर भागत नाही. चार वर्षांच्या मुलाला कोणती टूथपेस्ट द्यायची, हे अहवाल दाखवून दंतवैद्याला विचारा.