गावातून जाणारा राज्यमार्ग: पायी चालणाऱ्यांना होणारा आवाजाचा अन् डोळ्यांचा त्रास मोजायचा कसा, कमी करायचा कसा?

बसस्टँड_ते_शाळा (प्रश्न):
नमस्कार मंडळी. गाव मोठं आहे, आठवडी बाजाराचं, पण अजून ग्रामपंचायतच आहे. मधून राज्यमार्ग जातो. बसस्टँड ते जिल्हा परिषद शाळा या पट्ट्यात बहुतेक लोक पायीच असतात: शाळेची पोरं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, बाजारच्या बाया. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कर्कश हॉर्न, दोन्ही बाजूंनी फ्लेक्स, उघडी नाली आणि उन्हाळ्यात सावलीचा पत्ता नाही. ग्रामसभेत विषय काढला की "सवय होते हो" म्हणून बोळवण होते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. साध्या मोबाईलने आवाज मोजून उपयोग होतो का? मोजायचं तर कसं? आणि हातात पैसा थोडा असताना आधी काय बदलावं: गतिरोधक, झाडं, भिंत की फूटपाथ?

डेसिबल_अकोला:
मोबाईलने मोजा, पण तो आकडा पुरावा म्हणून पुढे करू नका, तुलनेसाठी वापरा. प्रत्येक फोनचा माईक वेगळा. एकाच जागी तीन-चार फोन शेजारीशेजारी धरून पाच मिनिटं मोजा म्हणजे कोणता किती जास्त-कमी दाखवतो ते कळेल. मग सगळ्या नोंदी एकाच फोनवर करा. ॲपमध्ये 'ए' वेटिंग (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणारी पद्धत) आणि सरासरी म्हणजे एलईक्यू निवडा. हलणाऱ्या काट्याचा आकडा लिहून घेण्यात अर्थ नाही.

फोन छातीच्या उंचीवर, साधारण दीड मीटर, रस्त्याकडे तोंड करून, भिंतीपासून निदान तीन मीटर दूर. माईकवर बोट येऊ देऊ नका. वारा सुटला असेल तर थांबा, माईकवर वाजणारा वारा ट्रकइतका आकडा देतो. एका जागी १५ मिनिटं. वेळा अशा ठेवा: शाळा भरताना, शाळा सुटताना, रात्री आठ ते नऊ. आणि हे सगळं बाजाराच्या दिवशी एकदा, साध्या दिवशी एकदा.

सोबत कागदावर हॉर्नच्या काड्या मारा, दर पाच मिनिटांना किती. ही नोंद डेसिबलपेक्षा महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे. सरासरीत हॉर्न बुडून जातो, पण चालणारा दचकतो तो हॉर्नलाच.

कायद्याचे आकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले: रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. शाळा-दवाखान्याभोवतीच्या १०० मीटरबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शासनाने अधिसूचित केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र धरलं जात नाही, नुसती पाटी लावून भागत नाही.

ग्रामसभेला डेसिबल समजावत बसू नका. एक सोपी कसोटी दाखवा: दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहून नेहमीच्या आवाजात बोलली आणि शब्द कळला नाही, तर तिथे आवाज साधारण ६५-७० च्या वर आहे. अशा रस्त्यावर लोक बोलत नाहीत, पोराला हाक मारली तर ऐकू जात नाही, मागून येणारी सायकल कळत नाही.

आणि "सवय होते" हे अर्धंच खरं. चिडचिड कमी होते, पण शरीराला सवय होत नाही. मोठ्या आवाजाने नाडी आणि रक्तदाब हलतात, झोपेतसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली वाहनांच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ आणि रात्रीसाठी ४५ डेसिबलच्या खाली राहावं अशी शिफारस केली ती यासाठीच.

मुरूम_आणि_गिट्टी:
वरचं सगळं बरोबर. पण हॉर्न का वाजतो ते आधी पहा. गावातल्या रस्त्यावर बहुतेक हॉर्न न दिसण्यामुळे वाजतात. कोपऱ्यावर फ्लेक्स, त्याला लागून हातगाडी, तिच्यापुढे उभी मोटारसायकल. गल्लीतून माणूस एकदम डांबरावर येतो, म्हणून ट्रकवाला कोपऱ्याच्या आधीपासूनच हॉर्नवर हात ठेवून येतो. म्हणजे डोळ्यांची अडचण दूर केली की कानाचा त्रास आपोआप उतरतो, आणि त्याला पैसा जवळपास लागत नाही.

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळं ठेवा. कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत काहीही नको: फ्लेक्स नको, पानठेल्याची ताडपत्री नको, वाढलेलं कुंपण नको. चुन्याने रेष मारा म्हणजे गाडी कुठवर उभी करायची ते दिसतं. हे करण्याआधी आणि नंतर त्याच जागी हॉर्नच्या काड्या मारा, ग्रामसभेत तोच कागद ठेवा.

दुसरं, चालायची जागा. नीट नसेल तर माणसाची नजर पायाशी अडकते. नालीवरची फरशी हलते का, फट कुठे आहे, हेच पाहत तो चालतो, समोरचं काहीच पाहत नाही, आणि घरी पोचेपर्यंत थकतो. आयआरसी १०३ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यांसाठीची मानकं) फूटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर दिली आहे, दुकानांपुढे जास्त. कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, म्हाताऱ्या माणसाला चढवत नाही.

आपल्या काळ्या मातीत पेव्हर थेट बसवले की दोन पावसाळ्यांत उचलले जातात. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून काळी माती निदान फूट-दीड फूट काढा, मुरूम दोन थरांत भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा, वर तीन-चार सेंटिमीटर वाळू, मग ६० मिलिमीटरचा पेव्हर. ट्रॅक्टर चढणार असेल तिथे ८०. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. उतार नालीकडे, चाळीस-पन्नासला एक. पाणी मुरलं की मुरूम दबतो आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

गतिरोधक विचारलात म्हणून सांगतो. अरुंद, टोकदार उंचवटा टाकला तर रिकामी ट्रॉली त्यावर आदळते आणि शेजारच्या घराला आधीपेक्षा जास्त त्रास होतो. आयआरसी ९९ चा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असतो, तासाला २५ किलोमीटरच्या वेगासाठी. तसाच मागा. आणि थरथर पट्ट्या (रंबल स्ट्रिप) घरांसमोर, दवाखान्यासमोर अजिबात नकोत.

पांदणीवरचा:
राजेहो, अर्ज देण्याच्या अगोदर रस्ता कोनाचा हाये थे पक्कं करून घ्या. राज्यमार्ग अन् प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, इतर जिल्हा मार्ग अन् ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. ग्रामपंचायतीले राज्यमार्गावर आपल्या मनानं गतिरोधक टाकता येत नाही. ग्रामसभेचा ठराव, फोटो अन् मोजणीचा कागद जोडून उपविभागीय अभियंत्याले द्या, पोच घ्या.

हॉर्नसाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९४-एफ हाये. विनाकारण वाजवला तर पह्यल्या खेपेले १,००० रुपये, पुढं २,०००. वेगवेगळ्या सुराचा हॉर्न तर बसवताच येत नाही. पन दंडाच्या भरवशावर रस्ता शांत होत नाही, हेबी ध्यानात ठेवा.

अन् ट्रॉलीचं सोपं हाये. खडखड फाळक्याची अन् साखळीची असते. जुन्या ट्यूबची पट्टी कापून फाळका जिथं टेकते तिथं लावा, साखळीले गुंडाळा. जिनिंगच्या फाटकावर हंगामाच्या पह्यल्या आठवड्यात चार पोरं उभी केली तर सगळ्या ट्रॉल्या होऊन जातात.

बसस्टँड_ते_शाळा:
खूप उपयोगाचं सांगितलंत, मुरूमभाऊ, पांदणभाऊ. शाळा समिती आवाजासाठी रस्त्याच्या बाजूने उंच भिंत बांधायची म्हणून राहिली. काही जण म्हणतात, भिंतीऐवजी झाडांची ओळ लावा, आवाज अडतो. कोणतं बरोबर?

करंज_कडुनिंब:
ताई/दादा, झाडांच्या एका ओळीने आवाज जवळपास कमी होत नाही. त्यासाठी दाट झाडीचा रुंद पट्टा लागतो आणि तेवढी जागा गावात नसते. भिंतीने होतो. गाडी आणि कान यांच्यामधली सरळ रेष तुटली की साधारण ५ डेसिबल उतरतात. पण भिंत खालून मातीला टेकलेली, फटी नसलेली हवी. आणि वर्गात शांतता आली तरी भिंतीच्या बाहेरून चालणाऱ्या पोराला तोच आवाज भिंतीवर आपटून परत येतो, वर पाहायला लांबलचक कोरी भिंत. म्हणून भिंत फक्त वर्गखोल्यांसमोर बांधा, बाकी ठिकाणी जाळी आणि मेंदीचं कुंपण. त्यातून मैदान दिसतं, पोरांचा आवाज बाहेर येतो, चालणाऱ्याला बरं वाटतं.

तरीही झाडं लावाच, कारण वेगळं आहे. सावली आहे, आणि हिरवं दिसलं की तोच आवाज कमी टोचतो. चिमण्या, साळुंक्या, कोकीळ यांचे आवाज गाड्यांचा आवाज घालवत नाहीत, पण कानाला धरायला दुसरं काहीतरी देतात. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना छापली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. तो अभ्यास खाटेवरच्या रुग्णांचा होता, रस्त्यावरच्यांचा नव्हे, एवढं सांगूनच तो दाखला ग्रामसभेत द्या.

झाड निवडताना एप्रिल-मेमध्ये पान असतं का ते पहा, आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हाच सावली लागते. कडुनिंब आणि करंज तोवर नव्या पालवीने भरलेले असतात. गुलमोहर फुलतो छान, पण ऐन उन्हात पानं विरळ आणि वाऱ्यात फांद्या तुटतात. वड-पिंपळ नालीजवळ नको, मुळं बांधकाम फोडतात, बाजाराच्या मोकळ्या जागेत लावा. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर आणि कोपऱ्यापासून तेच दहा मीटर, नाहीतर वर सांगितलेली नजर पुन्हा अडेल.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. भरताना शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड, उधईसाठी. पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोप लावा, ते पाच-सहा फुटी असलं तर बकऱ्यांपासून लवकर वाचतं. ट्री गार्ड तरी हवाच. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी. बहुतेक झाडं याच टप्प्यावर मरतात, लावताना नाही. म्हणून ठरावात झाडांची संख्या लिहिण्याआधी कोणत्या घराने कोणत्या झाडाला पाणी घालायचं ती नावं लिहा.

डेसिबल_अकोला:
दिव्यांचं राहिलं होतं. पांढराफेक एलईडी खांबावर वाकडा लावला की मोतीबिंदू असलेल्या माणसाला समोरचं काहीच दिसत नाही, आणि दोन खांबांच्या मधला भाग आणखी काळोखा वाटतो. पिवळसर, ३,००० केल्विनच्या आसपासचा, खाली तोंड केलेला दिवा मागा. दुकानांच्या लुकलुकणाऱ्या पाट्या रात्री दहानंतर बंद ठेवायचं त्याच ठरावात घाला.